मोज्यातली कुसळे

माझ्या डाव्या मोज्यातून तीन कुसळे निघाली, तीही ऑकलंडच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेतल्या सगळ्यांदेखत. आदल्या संध्याकाळी दादाच्या घरामागच्या माळावर फिरून आले होते, तिथली ही कमाई. बोटीत पाय ठेवण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने घासायचे, पिशवीचा कप्पा न् कप्पा उघडून पाहायचा, खाण्याचे पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे, असा इथला दंडक आहे. माझा आठ वर्षांचा भाचा यात तरबेज. तो आधी एकदा जाऊन आलेला. "आत्या, सॅकचा खालचा कप्पा पण," तो म्हणाला. त्या कप्प्यात वहिनीच्या चिवड्यातला एक शेंगदाणा सापडला. भाच्याने तो दोन बोटांच्या चिमटीत धरून असा काही कचऱ्यात टाकला, की मी जणू विंचूच घेऊन निघाले होते.

आपल्याकडे गेटवेहून मांडव्याला निघालेल्या बोटीत कुरव पक्ष्यांना गाठ्या फेकल्याशिवाय प्रवास झाल्यासारखे वाटत नाही. बेटावर काय न्यायचे हा प्रश्न आपल्याला पडतो तो फार तर पाण्याच्या बाटल्यांपुरता. इथे अर्धी तयारी काय न्यायचे नाही याचीच. आणि खरे सांगायचे तर हे बेट समजून घ्यायला पक्ष्यांच्या यादीपेक्षा तो बुटांचा ब्रश जास्त उपयोगी पडतो.

बेटाचे नाव तिरितिरी मातङी. हे नाव मुद्दाम असे लिहिले आहे. माओरी भाषेत 'ङ' हा अक्षरशः आपलाच 'ङ' आहे. पहिलीत आपण तो 'क ख ग घ'च्या मागे घोकतो आणि पुढे 'वाङ्मय' सोडले तर जन्मभर त्याच्या वाटेला जात नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांची या नावाशी झटापट होते, म्हणून ते नुसते 'टिरी' म्हणतात. वाऱ्यावर हेलकावणारे, असा काहीसा त्या नावाचा अर्थ सांगतात. मी गेले त्या दिवशी वाऱ्याने नाव राखले.

ऑकलंड शहरापासून उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर, हाउराकीच्या आखातात हे २२० हेक्टरचे बेट आहे. आपल्या हिशेबाने साडेपाचशे एकरांच्या आत. बोटीला वाटेतला गल्फ हार्बरचा थांबा धरून साधारण सव्वा तास लागतो. सकाळी बोट सोडते, दुपारी तीच परत घेऊन येते, आणि ती चुकली तर दुसरी नाही. उजव्या हाताला बराच वेळ रांगितोतो दिसत राहतो. जेमतेम सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून उसळून वर आलेला हा ज्वालामुखी कुठूनही पाहिला तरी सारखाच, दोन्हीकडे एकसारखा उतरत गेलेला. पुढे मोकळ्या पाण्यात गॅनेट पक्षी पंख मिटून बाणासारखे समुद्रात घुसताना दिसतात. डॉल्फिन या आखातात भरपूर आहेत. मला एकही दिसला नाही. बोटीतल्या निम्म्या लोकांना दिसला म्हणे. तो नेमका माझ्या पाठीमागे उडी मारत होता.

आता ब्रशाकडे वळू. न्यूझीलंड ज्या महाखंडातून तुटून निघाले त्याला भूशास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात, आणि ते नाव आले आपल्या गोंडांच्या मुलखावरून. भारताची भूमीही त्याच खंडाचा तुकडा. म्हणजे चंद्रपूरचा माणूस ऑकलंडला उतरला तर फार जुन्या भाऊबंदकीतल्या वाटणीची जमीन पाहतो आहे असे म्हणायला हरकत नाही. सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी न्यूझीलंड वेगळे झाले आणि एकटे पडले. आज तिथे मूळचे म्हणावेत असे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळे. वाघ नाही, कोल्हा नाही, मुंगूस नाही, साधा उंदीरही नाही. या सगळ्यांच्या जागा पक्ष्यांनी घेतल्या. काही चरायला लागले, काही पालापाचोळा उकरायला लागले, आणि पळून जाण्याचे कारणच न उरल्यामुळे काहींनी उडणे सोडून दिले.

पक्ष्यांना शत्रू नव्हते असे मात्र नाही. गरुड होते, ससाणे होते. पण हे शत्रू दिवसा, वरून, नजरेने शिकार करणारे. त्यांच्यापासून वाचायचा उपाय एकच: रंग पानांत मिसळणारा असावा आणि चाहूल लागताच जागच्या जागी थिजावे. हजारो पिढ्यांनी हा धडा गिरवला. मग साधारण तेराव्या शतकात माओरींच्या होड्यांतून किओरे नावाचा पॅसिफिक उंदीर आला. पुढे युरोपी गलबतांतून दोन जातींचे मोठे उंदीर आणि मांजरे आली. १८८०च्या दशकात तर ससे आवरायला म्हणून स्टोट मुद्दाम आणून सोडले. हा मुंगसाच्या अंगलटीचा, लांबुडका शिकारी. हे सगळे रात्री, खालून, नाकाने शिकार करणारे. नाकासमोर थिजून बसणारा पक्षी म्हणजे वाढून ठेवलेले ताट.

उंदरांनी पक्ष्यांचे एवढे काय बिघडते, असे म्हणणारे जाणकारही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. त्यांचे तोंड बंद झाले ते १९६४ साली. देशाच्या दक्षिण टोकाकडच्या बिग साउथ केप बेटावर जहाजी उंदीर पोहोचले आणि बघता बघता त्यांनी ते बेट फस्त केले. तिथे उरलेल्या दक्षिणी तिएके पक्ष्यांपैकी ३६ जणांना डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलून शेजारच्या छोट्या बेटांवर नेले, म्हणून ती जात वाचली. तिथली एक पाणलाव्याची जात, एक झुडपी रेन आणि एक मोठे वटवाघूळ मात्र कायमचे गेले. उंदीर नसलेले बेट शोधा किंवा तयार करा आणि पक्षी तिथे न्या, हा आजचा सगळा खटाटोप त्या धड्यातून निघाला.

एक उंदीर पकडायला असा किती वेळ लागतो? हे पाहायला ऑकलंड विद्यापीठाच्या जेम्स रसेल यांनी २००४ साली याच आखातातल्या मोतुहोरोपापा या उंदीरमुक्त बेटावर एकच नर उंदीर सोडला, गळ्यात रेडिओपट्टा बांधून. बेट साडेनऊ हेक्टरचे. उंदराचे नाव रॅझा. पिंजरे झाले, माग काढणारे कुत्रे झाले, नाना आमिषे झाली, रॅझा हाती लागेना. दहा आठवड्यांनी तो बेटावरून नाहीसाच झाला. उघड्या समुद्रातून ४०० मीटर पोहत तो शेजारच्या ओताता बेटावर पोहोचला होता. अखेर सोडल्यापासून अठराव्या आठवड्यात तो सापळ्यात सापडला, पेंग्विनच्या ताज्या मांसाच्या वासाने. रसेल यांनी ही हकिगत 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापली. एका उंदरामागे अठरा आठवडे, आणि तेही तो गळ्यात पट्टा घालून हिंडत असताना. तुमच्या सॅकमध्ये गुपचूप बसून आलेल्या उंदरिणीच्या गळ्यात पट्टा नसेल.

आणि हा कारभार उंदरांवर थांबत नाही. २००० साली टिरीवर अर्जेंटिनाच्या मुंग्या सापडल्या, आणि त्यांना मुळासकट काढायला पुढची कित्येक वर्षे गेली. कुसळाचे तेच. एक बी रुजले की कुणीतरी ओणवे होऊन ते उपटायचे, आणि दरवर्षी त्याच जागी परत पाहायला यायचे.

बोट धक्क्याला लागली की रेंजर दोन शब्द बोलतात, आणि मग सगळ्यांचे छोटे छोटे गट पडतात. प्रत्येक गटाला एक गाईड. हे गाईड पगारी नसतात. 'सपोर्टर्स ऑफ तिरितिरी मातङी' ही १९८८ साली स्थापन झालेली हौशी मंडळींची संस्था, तिचे हे स्वयंसेवक. वाटाड्यासाठी आपण जे पैसे भरतो ते पुन्हा बेटावरच खर्च होतात. आमच्या वाट्याला सत्तरीच्या एक बाई आल्या. पहिल्या दहा मिनिटांत त्या फक्त एवढेच म्हणाल्या, "थांबा." आम्ही थांबलो. मी काहीतरी विचारायला तोंड उघडले तर त्यांनी नुसता तळहात वर केला. आपल्या लोकांना अशी शांतता जड जाते. पण पाच मिनिटांनी झाडीतून असा आवाज आला, की कुणी ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासतो आहे. त्याला दुसऱ्याने उत्तर दिले, मग तिसऱ्याने. ते बेलबर्ड, माओरी नाव कोरिमाको. ऑकलंडच्या मुख्य भूमीवरून हा पक्षी एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला. या बेटावर तो तगून राहिला.

पाहताना विश्वास बसत नाही, पण हे रान लावलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९७१पर्यंत बेट भाडेपट्ट्याने गुरामेंढरांना चरायला दिलेले होते. ओघळींत थोडी जुनी झाडे उरली, बाकी सगळे गवत. गुरे काढली की रान आपोआप परतेल अशी आशा होती, पण दाट गवतात आणि नेच्यांत बी रुजेना. तेव्हा ऑकलंड विद्यापीठाचे जॉन क्रेग आणि नील मिचेल यांनी एक कल्पना मांडली, जी त्या काळी वेडगळ वाटली असणार. एरवी अशी बेटे लोकांना बंद ठेवायची रीत. हे म्हणाले, लोकांनाच बोलवा आणि त्यांच्याच हातून झाडे लावून घ्या. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत शाळेची मुले, स्काउट, निवृत्त माणसे, ज्यांनी आयुष्यात कुदळ धरली नव्हती असे नोकरदार, सगळे पदरमोड करून बोटीने खड्डे खणायला येत राहिले. अडीच लाखांहून जास्त झाडे लागली. रोपे बेटावरच्याच रोपवाटिकेत वाढवली. ती सांभाळली रे वॉल्टर यांनी, बार्बरा या त्यांच्या पत्नीच्या साथीने. रे हे मूळचे इथल्या दीपगृहाचे रक्षक. दिवा स्वयंचलित झाला, जुने काम संपले, तर ते झाडे लावायला लागले आणि पुढे बेटाचे रेंजर झाले. दीपगृह अजून आहे, पांढरेशुभ्र, बिडाचे. १ जानेवारी १८६५ला ते पहिल्यांदा पेटले.

लागवडीत चुकाही झाल्या, आणि गाईडबाईंनी त्या न विचारता सांगितल्या. पोहुतुकावा हे समुद्रकाठचे चिवट झाड. जांभळाच्या कुळातले, डिसेंबरच्या उन्हाळ्यात त्याला जांबाच्या फुलांसारखे पुंकेसरांचे लालभडक झुबके येतात. बरीच रोपे मरतील या हिशेबाने ती भरपूर लावली. ती मेलीच नाहीत. दाट सावली झाली, खाली दुसरे काही उगवेना, मग काही ठिकाणी विरळणी करावी लागली. पुरीरी नावाचे दुसरे झाड तर आपल्या निर्गुडीचे सख्खे नातलग. आपली निर्गुडी कुंपणाला लावायची आणि पाने शेकायला तोडायची. तिचा हा नातलग दोन माणसांच्या कवेत न मावणारा. मी त्याच्या बुंध्यावर हात ठेवून उभी राहिले. भाचा म्हणाला, "आत्या, चल ना, पाणपोई पुढे आहे."

पाणपोई हा शब्द त्याला मीच दिला होता, आणि तो चपखल बसला. वाटेच्या कडेला जाळीच्या पेट्यांत साखरपाणी ठेवलेले असते. जाळीची भोके अशा मापाची, की हिही आणि कोरिमाको आत शिरतात, थोराड तुई पक्षी बाहेरच राहतो. हिही हा मुठीएवढा पक्षी. नराचे डोके काळे मखमली, त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पिसांचे झुपके, खांद्यावर पिवळा पट्टा. एके काळी न्यूझीलंडच्या उत्तर बेटभर असलेला हा पक्षी शेवटी हाउतुरू या एकाच बेटावर उरला होता. तिथून १९९५ साली काही जण इथे आणले. पण हिहीला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि हे रान अजून चाळीस वर्षांचेच. एवढ्या कोवळ्या झाडांना ढोल्या कुठून येणार? म्हणून लाकडी पेट्या टांगल्या आहेत, आणि फुले कमी पडतात तेव्हा साखरपाणी. स्वतःच्या पायावर उभे राहिलेले रान अशी टिरीची कल्पना करून याल तर पाणपोईपाशी थोडे खट्टू व्हाल. मला उलट वाटले. कुणीतरी रोज ते पाणी बदलते, भांडी घासते. घरात म्हाताऱ्या माणसाचे करावे तसे हे चालले आहे.

तिएके आधी ऐकू आला, मग दिसला. काळाकुळकुळीत, पाठीवर तांबूस खोगीर, चोचीच्या दोन्ही बाजूंना लाल लोळी. गाईडबाईंनी माओरी कथा सांगितली. सूर्याशी झुंजून दमलेल्या माउई या वीराला तहान लागली. त्याने तिएकेला पाणी आणायला सांगितले, त्याने ऐकले नाही. माउईने त्याला तापलेल्या हाताने पकडले, तो भाजल्याचा डाग अजून पाठीवर आहे. कोकाकोने मात्र आपल्या लोळ्यांत भरून पाणी आणले, म्हणून त्याला उड्या मारायला लांब पाय मिळाले. कोकाकोही इथे आहे. आम्हाला एक दिसला, राखाडी, निळ्या लोळ्यांचा, खारीसारखा फांदीवरून पळणारा.

तिएकेबद्दल मला जास्त आवडली ती दुसरी गोष्ट. १९७०च्या दशकात पीटर जेन्किन्स यांनी क्युव्हिए बेटावर तिएकेंच्या गाण्याचा अभ्यास केला. तेव्हा कळले, की एकाच बेटावर वेगवेगळ्या भागांतले नर वेगवेगळ्या चाली गातात, आणि तरुण नर जिथे संसार थाटतो तिथल्या शेजाऱ्यांची चाल उचलतो, बापाची नव्हे. टिरीवरचे तिएके १९८४ साली त्याच क्युव्हिएवरून आणलेले. आपण दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो. यांची तर एका टेकडीवर बदलते.

एक खरे, किओरे उंदीर बेटावर होते तोवर हे सगळे अर्धवट होते. झाडे लागली, पक्षी आले, आणि मग १९९३ साली हवेतून विषारी गोळ्या टाकून उंदीर संपवले. माओरींच्या दृष्टीने किओरे हा पूर्वजांसोबत आलेला जीव, त्यामुळे त्याला मारणे हा देशभर नाजूक विषय आहे. विषाने पक्ष्यांचेही नुकसान होते. पण उंदीर गेल्यावर बी रुजू लागले, किडे वाढले, सरडे वाढले. २००३ साली तुआतारा आणून सोडले. दिसायला सरडा, पण सरडा नव्हे. डायनासोरांच्या काळात ज्या गणाची भरभराट होती, त्यातला हा एकटाच मागे राहिलेला. तो मुख्यतः रात्रीचा प्राणी, इथल्या किवीसारखाच. दिवसाची बोट पकडून येणाऱ्यांनी या दोघांची फारशी आशा धरू नये.

बेटावर खाण्याचे दुकान नाही. दीपगृहाजवळच्या माहिती केंद्रात चहा-कॉफी मिळते, जेवण आपले आपण न्यायचे आणि कचराही परत आणायचा, कारण कचरापेटीच नाही. हिरवळीवर बसून मी डबा उघडला, पोळी आणि फ्लॉवरची भाजी, आणि मागून जड पावले वाजली. ताकाहे. उभा राहिला तर गुडघ्याच्या वर येणारा, तीनेक किलोचा, निळा-हिरवा, आणि तोंडावर कुणी लाल गाजर बसवावे तशी चोच. नाशिकजवळच्या नांदूर मधमेश्वरला जांभळी पाणकोंबडी पाहिली असेल तर याचा चेहरा ओळखीचा वाटेल. तिचाच हा उडणे विसरलेला, अंगाने सुटलेला चुलत भाऊ. १८९८नंतर तो कुणाला दिसला नाही आणि जात संपली असे सगळे धरून चालले. १९४८च्या नोव्हेंबरात इन्व्हर्कार्गिलचे डॉक्टर जेफ्री ऑर्बेल यांना तो दक्षिणेतल्या मर्चिसन डोंगरांत जिवंत सापडला. आज ताकाहेंची संख्या पाचशेच्या आसपास आहे. बेटाचा पाच हिश्शांतला दोन हिस्से भाग मुद्दाम गवताळ ठेवला आहे तो काही अंशी यांच्यासाठी. तो गवताचे ताट उपटतो, एका पायात धरतो, बुडखा तेवढा खातो आणि बाकीचे टाकून देतो, उसाचे वाढे टाकावे तसे.

"डबा बंद," गाईडबाई म्हणाल्या. इथे ग्रेग नावाचा एक ताकाहे होता, पाहुण्यांचे सँडविच लांबवण्यात प्रसिद्ध. हा त्याच्याच वळणावर गेलेला दिसत होता. पोळीकडे त्याने एका डोळ्याने, मान कलती करून, असे पाहिले, की आमच्या वाड्यातल्या जोशीकाकू आठवल्या. जगात पाचशे उरलेल्या जातीतला एक जीव भाजीच्या डब्यावर टपलेला आणि मी झाकण दाबून धरलेले, असा काही वेळ गेला. मग तो कंटाळून निघाला आणि जाताना माझ्या बुटाच्या टोकाजवळ हिरवी, लांबलचक शीट टाकून गेला. गवतावर जगायचे म्हणजे दिवसभर खायचे आणि दिवसभर हेच.

परतीच्या वाटेवर हॉब्ज बीचजवळ दगडांत बसवलेल्या पेट्या आहेत. झाकण हळूच उचलायचे, खाली काच. आत अंधारात, पाठ करून, एक निळा छोटा पेंग्विन उभा होता. भाच्याने झाकण स्वतःहून मिटले. मला अजून पाहायचे होते.

संध्याकाळी धक्क्यावर उतरलो तेव्हा बाकाखाली सांडलेल्या चिप्सभोवती चार-पाच पक्षी भांडत होते. तपकिरी अंग, पिवळी चोच, डोळ्यामागे पिवळी कातडी. साळुंक्या. पिकांवरचे किडे खातील म्हणून १८७०च्या दशकात इथे आणल्या. दक्षिण बेटावर टिकल्या नाहीत, उत्तर बेटावर पसरल्या, आणि आता इतर पक्ष्यांच्या घरट्यांची नासधूस करणारे उपद्रवी पाहुणे म्हणून त्यांची नोंद आहे. त्यातली एक माझ्या बुटापर्यंत आली आणि आमच्या गच्चीवर बोलते तसेच बोलली, मान खाली-वर करत.

"आत्या, ह्या तुमच्याकडच्या ना?" भाच्याने विचारले.

मी हो म्हणाले. त्याने पायाने चिप्स त्यांच्यापासून दूर सारल्या. त्या उडाल्या, वळल्या आणि चिप्सपाशी परत आल्या.